हाताने पत्ता भरणारे नंबरकाका

नंबरकाकांना 'आपोआप' या शब्दाचा राग होता. देवासच्या आमच्या कॉलेजात ते आणि मी कंप्युटर लॅब सांभाळायचो. कोऱ्या मशीनमध्ये नवी सिस्टिम भरताना एक टप्पा येतो : मशीन नेटवर्कवरचा आपला पत्ता आपोआप मिळवायला निघते आणि पडद्यावर पट्टी सरकू लागते. ती अर्ध्यावर पोहोचायच्या आत काकांनी 'रद्द करा' दाबलेलं असायचं. मग 'हाताने भरा' निवडून ते प्रत्येक मशीनच्या वेगळ्या पत्त्याचे सगळे आकडे सावकाश, तोंडाने पुटपुटत भरत.

"अपने आप जो मिळतं ना भिया, ते उद्या बदलतं," असं ते माळव्याच्या मिश्र बोलीत येईल त्याला ऐकवायचे. त्यात तथ्य होतंच. एकदा वीज जाऊन आली आणि ऑफिसच्या प्रिंटरला भलताच पत्ता मिळाला. दुपारभर सगळे कंप्युटर प्रिंटर शोधत राहिले, आणि तो बिचारा समोर टेबलावर बसून होता.

शेवटचा आकडा भरला की काका मला हाक मारायचे, "ये आत्याबाई, बारसं कर." म्हणजे एंटर मी दाबायचं आणि ते माझ्या पाठीवर हलकी थाप देऊन "कुर्रर्र" करणार! काका मूळचे धारचे, जुन्या मराठी घरातले. रीत मोडलेली त्यांना खपत नसे. हिंदी बोलणारे आमचे सहकारी हा प्रकार बघून चाट पडायचे.

हे सगळे नंबर त्यांच्या डोक्यात असायचे. लिहून ठेवा म्हटलं तर म्हणत, "कागद हरवतो गं. डोकं कुठं जातंय?"

पण शेवटच्या वर्षी ते एकच गोष्ट दोनदा विचारू लागले. "काय काका, म्हातारे झालात की!" मी चिडवलं. ते हसले नाहीत. निवृत्तीला अजून दोन वर्षं उरली होती आणि ती त्यांना याच खोलीत काढायची होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी जास्त विचार केला नाही.

त्या वर्षी ऑनलाइन परीक्षेसाठी सगळ्या मशिनी नव्याने भरल्या. काकांनी एकट्याने, हट्टाने. परीक्षा सुरू झाली आणि दोन मुलींचं कनेक्शन आळीपाळीने तुटायला लागलं. एक तर रडायलाच लागली. प्राचार्य धावत आले, "किसने किया है ये?" मी दोन्ही मशिनी तपासल्या. मी तोंडाची फटकळ. भरल्या हॉलमध्ये बोलून गेले, "काका ने एक ही नंबर दो मशीनों को दिया है, सर!"

काका दारात उभे होते. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणाले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

आठवड्याने हुकूम आला : सगळं आपोआपवर टाका. मी टाकत गेले आणि काका शेजारच्या खुर्चीवर बसून प्रत्येक पट्टी शेवटपर्यंत भरताना पाहत राहिले. "चला, आता कुणाला विचारायला नको," असं म्हणून ते उठले. महिनाअखेर राजीनामा देऊन धारला निघून गेले. धार काही लांब नाही, पण मी गेले नाही. तोंड दाखवायचा धीर होत नव्हता.

गेले ती ते वारल्यावर. काकू म्हणाल्या, "परीक्षेच्या कितीतरी आधी इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, विसरण्याचा आजार आहे म्हणून. मी म्हटलं, सोडा नोकरी. तर म्हणाले, ती पोरगी आहे ना तिथं. माझं काही चुकलं तर चारचौघांत बोलायची नाही, आधी मलाच सांगेल."

परीक्षेच्या दिवसाचं काकांनी घरी अवाक्षरही काढलं नव्हतं. काकूंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "तू सांभाळून घेतलंस गं त्यांना. फार उपकार झाले तुझे."

मी मान डोलावली.