हजेरीनंतरचा हसरा चेहरा

मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना शिस्तीचं भारी वेड. चादरीला सुरकुती दिसली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यामुळे रोज ‘मन कसं आहे?’ विचारणारं ॲप विद्यापीठाने सगळ्यांना सक्तीचं केलं, तेव्हा बाईंनी तेही हजेरीला जोडून टाकलं. संध्याकाळी मुली ओळीत उभ्या राहिल्या की बाई ओरडायच्या, “मोबाइल वर! हसरा चेहरा दाबा!” रडका चेहरा म्हणजे वसतिगृहाची बेअब्रू, असं त्यांचं ठाम मत.

लवकरच फळ मिळालं. इतक्या आनंदी वसतिगृहाला समुपदेशक कशाला, म्हणून दर मंगळवारी येणाऱ्या ताईंना दुसरीकडे पाठवायचं विद्यापीठाच्या कार्यालयाने ठरवलं. बाईंना वाटलं, बक्षीसच लागलं. तेवढ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, त्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

“मॅडम, ताईंना जाऊ देऊ नका ना. मी फक्त त्यांच्याशीच बोलते.” एवढं बोलून ती ढसाढसा रडायला लागली.

बाईंनी तिला आत घेऊन बसवलं. आपण पोरींच्या मनावरच पहारा बसवला होता, हे आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं.

त्या संध्याकाळी त्या हजेरीला म्हणाल्या, “आज जिचं जे खरं असेल ते तिने दाबायचं.” कुणी हलेना. बाईंवर विश्वास कोण ठेवणार? शेवटी बाईंनी स्वतःचा मोबाइल उंच धरला आणि सगळ्यांदेखत रडका चेहरा दाबला. “हे बघा! यात लाजायचं काय?”

पण मुली पक्क्या तयार झालेल्या. मॅडमनी दाबलं म्हणजे तेच दाबायचं! अख्ख्या वसतिगृहाने एका दमात रडका चेहरा दाबला.

मग जो गोंधळ उडाला तो काही विचारू नका. कार्यालयाची गाडी आली, डॉक्टर आले, ताई तर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून धावत आल्या. मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. कार्यालयातले साहेब तणतणले, “ही काय थट्टा आहे?” पण यातलं खरं किती नि खोटं किती, हे ताईंनी एकेकीला विचारल्याशिवाय कळणार कसं? झक मारत त्यांनी ताईंची बदली रद्द केली.

सगळे पांगल्यावर ताईंनी हसत विचारलं, “पोरींनी तुमचं बघून दाबलं. तुम्ही कुणाचं बघून दाबलंत?”

“कुणाचं नाही,” बाई म्हणाल्या. “माझं खरंच होतं. लेक नोकरीला लांब गेल्यापासून घरी बोलायला कुणी नाही हो.”

ताईंचं हसू थांबलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बाईंच्या समोर बसल्या.