मी ताटावर रुसलो म्हणे!

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला आणि धोतर माझं खराब झालं.

तुम्ही मला ओळखताच. चौथीतून माझी शाळा सुटली. घरी औत हाकायला माणूस नव्हतं म्हणून सुटली, असं मी सगळ्यांना सांगतो. मास्तरांच्या छडीचीही भीती वाटायची, ते मी सांगत नाही. मला विंचवाची भीती वाटते, विहिरीत डोकावायची वाटते, अनोळखी माणसाने ‘राम राम’ घातला तरी वाटते. पण ही सगळी भीती एका पारड्यात घातली आणि दुसऱ्या पारड्यात माझे सासरे बसवले, तर सासऱ्यांचं पारडं जमिनीला टेकेल!

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. राहतात धाड नावाच्या गावी. मिशा अशा की त्यांवर दोन लिंबं ठेवावीत, आणि आवाज असा की ते घरात खोकले तर पारावरची कबुतरं उडतात. लग्नात मी त्यांच्याशी एकूण एकच शब्द बोललो होतो. तो शब्द होता, ‘हाव’, म्हणजे हो.

तर काय झालं, त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिना हो! जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. आमच्या घरची (नाव घेत नाही, समजून घ्या) आधीच माहेरी गेलेली होती. निरोप आला की जावईबापूंनी यावं, मुक्काम करावा, धोंडे खावेत आणि लेकीला घेऊन जावं.

ती गेल्यापासून घर कसं झालं होतं म्हणून सांगू! आईच्या डोळ्यांना नीट दिसत नाही. भाकरी करपायच्या. पण भाकरीचं सोडा. संध्याकाळी शेतातून आलो की मी उगाच दाराकडे पाहायचो. लाजेने हे कोणाला सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगतो.

निघताना आईने बजावलं, ‘‘हे पाय बाबू, तेथी आपल्या घराची लाज राखजो. सासऱ्यानं पह्यला घास घेतल्याबिगर ताटाले हात लावू नोको. मान खाली ठेवजो. इकडं तिकडं पाहू नोको. आन काही मांगू नोको.’’

आमच्या घरची रीतच आहे ती. पंगतीतल्या मोठ्या माणसाने घास घेतला की मग लहानांनी. आजवर मोडली नाही.

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशावर चालायच्या. चढ आला की उतरून ढकलायचं. मी आमच्या सुलतानपूरहून जेवढा बसून आलो त्यापेक्षा जास्त चालत आलो असेन. धाडला उतरलो तेव्हा कपाळापासून टाचेपर्यंत काळा! न्यायला आलेला माझा साळा नामदेव मला ओलांडून पुढे गेला आणि ड्रायव्हरला विचारू लागला, ‘‘आमचे जावई नाई आले का?’’

घरी जाताना नामदेवने मला एक गोष्ट सांगितली. ती नसती सांगितली तर फार बरं झालं असतं.

‘‘दाजी, एक ध्यानात ठेवा. आमचे थोरले दाजी ताटावर रुसले होते.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काय! गाय पायजे म्हने, त्याबिगर घास घेत नाई. बाबानं गाय देल्ली. पन ताईले नाई धाडलं! म्हने, गाय नेली न बे, आता तिच्याच हातची भाकर खा. सहा महिने झाले, मंग थोरले दाजी सोता गाय घेऊन आले वापस. तवा ताई गेली.’’

‘‘पन मी तं काहीच मांगत नाई,’’ मी म्हणालो.

‘‘तुमी गरीब हा, मले मालूम हाये. पन बाबा म्हनते, पोटात काय हाये ते ताटावर समजते.’’

झालं! मी मनाशी पक्कं ठरवलं. काय वाटेल ते होवो, या तोंडातून ‘पाहिजे’ हा शब्द काढायचा नाही.

अंघोळ झाली. ओसरीवर पाट मांडला. मामा स्वतः तांब्या घेऊन माझे पाय धुवायला बसले. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे देव, पण हे देवाला कोणी सांगितलेलं नव्हतं! ज्या हाताने वळू आडवा केला असं गाव सांगतं, तो हात माझ्या घोट्यावर. माझा पाय लटपटला आणि तांब्या उलटून सगळं पाणी मामांच्या मांडीवर गेलं. त्यांची मिशी फक्त हलली. ती कोणत्या बाजूला हलली हे मी पाहिलं नाही, कारण मान लगेच खाली गेली होती.

ताटं वाढली. धोंडे, कढी, भात, वरण, भजी, तुपाची वाटी. पंगतीत मी, समोर मामा, बाजूला नामदेव. सासूबाई दाराआड. आमच्या घरची आत चुलीपाशी धोंडे तळत होती. नुसती बांगडी वाजायची, ती मी ओळखली. ओसरीच्या पायरीवर करीमभाई चहाची बशी घेऊन बसलेले. हे मामांचे जुने दोस्त, बैलांचे व्यापारी.

मी मान खाली घालून मामांच्या घासाची वाट पाहू लागलो.

आता इथेच सगळा घोटाळा आहे, नीट ऐका. त्यांच्या घरची रीत अशी, की जावयाने पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कोणी ताटाला हात लावायचा नाही! हे मला कोणी सांगितलं होतं का? नाही. आमची रीत त्यांना कोणी सांगितली होती? नाही. ते माझ्या हाताकडे पाहतायत, मी त्यांच्या हाताकडे पाहू शकत नाही, कारण मान खाली. मी कानाने ऐकतोय, चावल्याचा आवाज येतो का. येत नाही!

कढीवर साय धरली.

‘‘घ्या जावईबापू,’’ मामा म्हणाले.

मी म्हटलं, आग्रह करतायत. मोठी माणसं आग्रह करतातच. लगेच तुटून पडलो तर हावरा दिसेन. मी मान आणखी खाली घातली.

दाराआडून सासूबाईंची कुजबुज आली, ‘‘अहो, रुसले वाट्टे.’’

रुसले? कोण रुसले?

मामांचा आवाज जरा जड झाला. ‘‘धोतरजोडा आनला हाये तुमाले. नागपूरचा हाये.’’

‘‘नको,’’ मी घाईघाईने म्हणालो. काही मागू नको, असं आईने सांगितलं होतं ना!

‘‘बरं. चांदीचा तांब्या देतो.’’

‘‘नको नको!’’

‘‘आंगठी?’’

‘‘मले काहीच नको, मामा!’’

नामदेवने कपाळाला हात लावला. ‘‘काहीच नको म्हनते, म्हनजे मोठंच काई पायजे,’’ तो पुटपुटला, आणि माझ्या कानात म्हणाला, ‘‘काऊन हो दाजी, मी तुमाले एवढं सांगतलं तरी?’’

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, सांगून टाकायचं ना एकदाचं! सांगायचं? तुम्ही मामांना पाहिलेलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं होतं, शप्पथ! पण घशातून जो आवाज निघाला तो कोंबडीचं पिल्लू पायाखाली आल्यासारखा होता. आणि समजा सांगितलं, तरी काय सांगायचं? ‘मामा, आधी तुम्ही जेवा’? त्यांच्याच घरात बसून त्यांनाच जेवायचा हुकूम सोडायचा?

मला डोळ्यांसमोर सगळं दिसू लागलं. मी एकटा मोटारीत बसलोय. सुलतानपूरला एकटा उतरतोय. आई विचारते, सून कुठं हाये? आणि संध्याकाळचं ते रिकामं दार.

तेवढ्यात करीमभाई उठले आणि मामांना म्हणाले, ‘‘थांबा पाटील. पोरगा शरमिंदा हाये. ऐसे मामले में जबान नाई चालत. माह्या पद्धतीनं इचारतो.’’

खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी माझ्या हातावर टाकला आणि रुमालाखाली माझा हात धरला. बैलबाजारात सौदा असाच होतो, तुम्हाला माहीतच आहे. भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा.

‘‘बापू, डरू नोको. जे मनात असन ते बोटानं सांग.’’

त्यांचा हात असा कणखर, आणि मी असा घाबरलेला, की बुडता माणूस फांदी धरतो तसा मी तो हात पाचही बोटांनी गच्च आवळला.

करीमभाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी रुमाल काढला आणि हळूच जाहीर केलं, ‘‘पाच म्हनते.’’

‘‘पाच काय?’’ मामा.

‘‘ते नाई सांगतलं. पन पक्का हाये. हात सोडत नवता!’’

‘‘पाच तोळे असन,’’ दाराआडून सासूबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्याचा आवाज आला.

‘‘पाच एकर असन,’’ नामदेव म्हणाला. ‘‘नदीकाठचं वावर. बराबर पाच हाये ते!’’

बघा! जो माणूस पाटावर बसून एक भजं उचलायला घाबरतोय, त्याने बसल्या जागी नदीकाठची पाच एकर काळी जमीन मागितली! मी रडायच्या बेतात होतो. बोललो तर हुंदका निघेल म्हणून तोंड मिटून घेतलं. आणि मिटलेल्या तोंडाचा अर्थ काय झाला असेल, ते तुम्हीच सांगा.

मामा उठले. ओसरी उतरले आणि गोठ्याकडे गेले.

गोठ्यात कुऱ्हाड असते.

मी मनातल्या मनात मारुतीला नारळ कबूल केला. मग वाटलं, एक पुरायचा नाही, म्हणून आणखी एक केला.

मामा परत आले तेव्हा त्यांच्या हातात कुऱ्हाड नव्हती, कासरा होता. कासऱ्याला त्यांचा हरण्या. काय सांगू त्या बैलाची शान! पांढरा शुभ्र, वशिंड असं उभं, शिंगांना पितळी शेंब्या. धाडच्या बाजारात लोक त्याला नुसतं पाहायला थांबायचे. मामांचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

‘‘जमीन भेटनार नाई. जमीन माह्या बापाची हाये. हा माहा हाये, हा घेऊन जा. पाच नाई, एकच हाये. पन पाचाचा एक हाये.’’ आणि मग, ‘‘पन लेक नाई धाडनार मी.’’

तेवढ्यात हरण्याने मान लांब केली. ओसरी ठेंगणी, ताट कडेला. त्याने ताटातला एक धोंडा जिभेने अलगद उचलला आणि डोळे मिटून चावू लागला. मग दुसरा.

‘‘अरे, बैल! बैल जेऊन राह्यला!’’ नामदेव ओरडला.

तो ओरडा ऐकून आमच्या घरची झाऱ्यासकट दारात आली. एकदा बैलाकडे, एकदा माझ्या कोरड्या हाताकडे, एकदा बापाच्या भरल्या ताटाकडे पाहिलं. मग पदर ओढून, तोंड आईकडे करून (नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं नाही ना!) म्हणाली, ‘‘माय, तुमी ह्यायले काय इचारून राह्यले? ह्यायच्या घरी मोठ्या मान्सानं घास घेतल्याबिगर लहान मानूस ताटाले हात लावत नाई. हे बाबाची वाट पाहून राह्यले!’’

कोणी हललं नाही. हरण्या तेवढा चावत होता.

मामांनी कासरा हातात धरूनच विचारलं, ‘‘हे खरं हाये?’’

‘‘हाव,’’ मी म्हणालो.

‘‘आन ते पाच?’’

‘‘मी भेलो होतो, मामा. म्हनून करीमभाईचा हात धरला.’’

‘नको’ सोडून माझं मामांशी बोललेलं हे पहिलं सबंध वाक्य. करीमभाई पायरीवर बसले ते हसून हसून खालीच घसरले. मामा हसले नाहीत. मिशी मात्र हलली, आणि या वेळी मी पाहिलं, ती वर गेली होती.

‘‘लालची जावयाच्या घरी लेक धाडत नसतो मी,’’ ते म्हणाले. ‘‘भित्र्याचं काई ठरलं नवतं.’’ मग आत गेलेल्या लेकीला विचारलं, ‘‘काय बाई, जातं का याच्या संगं?’’

आतून झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं. ‘‘जाते. मी नसली तं हे ताटासमोर बसून उपाशी मरतीन.’’

गेलो बुवा घेऊन! बैल नाही नेला, तिला नेलं.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी असतो. मागच्या आखाजीला (अक्षय तृतीयेला हो!) आम्ही दोघं धाडला गेलो. ताटं वाढली, आणि कोणी हात लावेना. हिंमत करून मी वर पाहिलं. सगळे गोठ्याकडे बघत होते. नामदेव पुरणपोळीचा घास घेऊन हरण्याला भरवत होता. पंगतीतल्या एका नव्या पाहुण्याने विचारलं, हे काय? सासूबाई दाराआडून मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, ‘‘आमच्या सुलतानपूरच्या जावयाची रीत हाये. त्यायच्या घरी आंधी बैल जेवते, मंग मान्सं.’’

मी ‘तसं नाही’ म्हणायला तोंड उघडलं. मामांनी विचारलं, ‘‘काय हो जावईबापू?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो.

आता मामांचा निरोप आलाय. पोळा झाला की ते आमच्याकडे सुलतानपूरला मुक्कामाला येतायत. म्हणून हल्ली रोज जेवणाच्या वेळी मी आमच्या बैलाला ओसरीपाशी आणून उभा करतो. आमच्या घरची हसते. हसू द्या. बैल शिकतोय हळूहळू. मामांना खरं सांगण्यापेक्षा ते सोपं आहे!