वहिनीनं हात लावल्ता

माझ्या वडिलांचं अंबडला रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी मला सोल्डरिंग शिकवलं ते मुलगा नव्हता म्हणून नाही, मला आवडायचं म्हणून. हे मुद्दाम सांगते, कारण सासरी सगळे पहिलंच कारण धरून बसले होते.

लग्न होऊन मी तीर्थपुरीला आले. नवऱ्याचा आणि धाकट्या दिराचा साउंडचा धंदा होता. लग्नं, सप्ते, सभा, काहीही असो, आमचाच टेम्पो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा ओसरीत स्पीकरच्या एका बॉक्सला मीटर लावून बसले होते, वैतागलेले.

"आठ ओहमचा म्हणून दिला अन् मीटर सहा दाखवून राह्यलं. फसवलं आपल्याला."

"अहो, फसवलं न्हाई," मी म्हणाले. "मीटरवर थोडं कमीच दिसतं. आठचाच हाय तो."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून मागच्या खोलीतलं काम माझ्याकडे आलं. कोणत्या मशीनवर किती बॉक्स जोडायचे, हे मीच ठरवायचे. मशीन म्हणजे आमच्याकडे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर. ओहम म्हणजे बॉक्स वीज किती अडवतो त्याचं माप; आमचं मशीन चार ओहमच्या खाली चालवायचं नव्हतं. मशीनला दोन बाजू असतात; आठ ओहमचे दोन बॉक्स एका बाजूला जोडले की बरोबर चार होतात. आणखी जोडले की आकडा खाली येतो आणि मशीनवरचा भार वाढतो. लोकांना उलटं वाटतं. जास्त बॉक्स म्हणजे ओझं वाटून घेतलं. ते बैलांचं खरं असेल, बॉक्सचं नाही.

काही वर्षं आमचा आवाज कधी बंद पडला नाही. भागात तसं नाव झालं. पण त्याबरोबर दुसरंही बोलणं सुरू झालं, "ह्यांच्या वायरी बायको जोडती." कुणीतरी पारावर हसून म्हणालं असेल. नवरा घरी येऊन एवढंच म्हणाले, "तू आता कार्यक्रमाच्या जागी येत जाऊ नको." मी गेले नाही.

मग दिराच्या मित्राचं लग्न ठरलं, घनसावंगीला. भाऊजींना मित्रापुढं मोठेपणा करायचा होता. त्यांनी जालन्याहून आणखी चार बॉक्स आणले. मी चहा घेऊन बाहेर आले, तर सगळा माल टेम्पोत चढत होता.

"भाऊजी, नव्या बॉक्सला दुसरं मशीन लागंल," मी म्हणाले.

"वहिनी, मशीनला काय कळतंय, चार हायेत का दोन?"

"मशीनलाच कळतंय."

ते हसले. नवरा दोऱ्या आवळत होते. त्यांनी ऐकलं, आणि पुढची गाठ मारली.

लग्नाला मी पाहुणी म्हणून गेले. भरउन्हात मंडप तापला होता, बायकांच्या बाजूला पंखाही नव्हता. गाणी लागली तशी मला चूक ऐकू आली. आवाज मोठा होता, पण फाटत होता. गाणाऱ्या बाईच्या 'स'मध्ये वाळू खरखरल्यासारखी. मशीन दमलं की असंच होतं. आवाज कमी वाटतो म्हणून माणूस बटण आणखी फिरवतो, मशीन देऊ शकत नाही ते मागतो, आणि फाटलेला आवाज बॉक्समधलं बारीक आवाजाचं युनिट जाळून टाकतो.

मी उठून स्टेजच्या मागं गेले. मशीनवर हात न ठेवताच धग लागत होती. ते तापून बंद पडायच्या बेतात होतं, आणि भाऊजी घामाघूम झाले होते.

"अहो, दोन्ही बाजूंचे दोन-दोन बॉक्स काढा. आवाज उतरवा. जल्दी करा."

नवऱ्याभोवती नवरदेवाकडचे तिघे-चौघे उभे होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "जा, बायकांत बस."

मी जाऊन बसले.

मंगलाष्टकं सुरू झाली. आधी भटजींचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा झाला. बारीक आवाजाची युनिटं जळली होती. भाऊजींनी बटण चढवलं असणार, कारण एकदम मोठी घूं झाली आणि सगळं गप्प. एका बॉक्समधून जळक्या वार्निशाचा वास आला. उरलेली मंगलाष्टकं भटजींनी घसा ताणून म्हटली. मागच्या लोकांनी अंदाजानंच अक्षता टाकल्या.

नवरदेवाचे वडील चिडून आले. "तुमचा आवाज कधी बंद पडत न्हाई म्हणून बोलावल्तं ना?"

भाऊजी पटकन बोलले, "बराबर चालू होतं. मधी वहिनी आल्ती मागं. तिनं हात लावल्ता."

मी नवऱ्याकडे पाहिलं. मी कशालाही हात लावला नव्हता, हे त्यांना माहीत होतं. ते वायर गुंडाळत राहिले.

"बायकांना कशाला येऊ देता मशीनपाशी?" नवरदेवाचे वडील म्हणाले, आणि विषय मिटला.

बऱ्याच दिवसांनी, घरात आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "त्या दिवशी का बोलला न्हाईत?"

"चारचौघांत भावाला खोटं पाडू?"

"मंग घरात तरी पाडायचं."

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

जळालेलं मशीन मी दुरुस्त केलं नाही. कुणी सांगितलंही नाही. ते बाहेर दुरुस्तीला दिलं, तिथून आलं तेव्हा नवरा भाऊजींना म्हणाले, "हे बघ, एका बाजूला दोनच बॉक्स. जास्त लावायचे तर दुसरं मशीन घ्यायचं." भाऊजींनी मान हलवली. आता कामाला नवीन माणूस आला की भाऊजी त्याला हेच शिकवतात, अगदी ठासून. "दादाचा नियम हाय," म्हणतात. "दादाचा नियम मोडायचा न्हाई."

परवा नव्या माणसानं विचारलं, "दादा कुठं शिकले हो हे?"

"अनुभवानं," भाऊजी म्हणाले, आणि मला हाक मारून त्याच्यासाठी चहा सांगितला.