काणीसाहेब

"बघून सांगतो." कुणी काहीही विचारलं की त्यांचं पहिलं उत्तर हेच असायचं. शेतकऱ्यानं उसाचं वाळकं पान पुढं केलं तरी ते पान परत द्यायचे आणि सायकल काढायचे. "पानाला काय विचारू? रान बघूया की." मग गाव चार कोसांवर असो नाहीतर सहा.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या सुमाराला मी शहराबाहेरच्या ऊस संशोधन केंद्रात कारकून म्हणून लागलो. ते तिथं शेतकी मदतनीस होते. केंद्रात तयार झालेलं नवं बेणं, म्हणजे लावणीच्या उसाच्या कांड्या, गावोगावी पोचवायचं आणि पुढं पिकावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. उंच, किडकिडीत, खांद्याला खाकी पिशवी. अशी माणसं तुम्हीही कचेऱ्यांतून पाहिली असतील. साहेब आला की गप्प बसतात आणि शेतकरी आला की स्वतःची खुर्ची देतात.

त्यांची बायको हसून सांगायची, "आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तरी हे वाटी उजेडाला धरतात."

पण एकदा त्यांनी न बघता सांगितलं.

बिद्रीच्या वाटेवरच्या एका गावात एक विधवा बाई स्वतः शेती करायची. सगळं गाव तिला आक्का म्हणे. नव्या जातीचं बेणं घ्यायला गावात कुणी तयार नव्हतं. आक्का तयार झाली. तिनं एवढंच विचारलं, "बेणं निरोगी हाय न्हवं?"

त्या आठवड्यात त्यांची धाकटी मुलगी तापानं फणफणली होती. जिथून बेणं तोडलं तो केंद्रातला प्लॉट त्यांनी तपासलेला नव्हता. तरी ते म्हणाले, "निरोगी हाय." आक्कानं लावलं, आणि तिचं बघून आणखी सात-आठ जणांनी.

काही महिन्यांनी त्या उसाच्या शेंड्यांतून चाबकासारखे काळे फोक निघाले. बोट लावलं की काजळी उडायची. ही उसाची काणी. वाऱ्यानं शेजारच्या रानात जाते, बेण्यातून पुढच्या पिकात उतरते.

आमच्या वरिष्ठ साहेबांनी मला बोलावून अहवाल सांगितला. शेतकऱ्यांनी बाहेरचं बेणं मिसळल्यामुळं रोग आला, असा. मी सुवाच्य अक्षरात प्रत केली आणि सहीसाठी शेतकी मदतनिसांपुढं ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"हे खरं नाही," ते म्हणाले.

"साहेबांनी सांगितलंय."

"ठाऊक आहे. तुमच्यावर राग नाही माझा. पण गावाला वाटेल, केंद्राचं बेणं चांगलंच होतं. मग ते खोडवा ठेवतील, त्याच बुडख्यांवर पुन्हा पीक घेतील, ह्याच उसाचं बेणं करतील. सगळा नदीकाठ काळा होईल."

त्यांनी वेगळा कागद घेतला. बेणं केंद्राचंच होतं, तपासणी माझ्याकडून राहिली, अशा दोन ओळी लिहून सही केली. मी माझी प्रत टेबलावरून उचलली. तिचं काय करावं ते मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन त्या गावी गेले. देवळासमोर माणसं जमली.

"चूक माझी हाय," ते उभ्यानंच म्हणाले. "बेणं न बघता मी निरोगी म्हणून सांगितलं. आता उसाची रोगट बेटं खणून जाळायची. खोडवा ठेवायचा न्हाय, बेणं धरायचं न्हाय."

मागून कुणी म्हणालं, "काणीसाहेब आलं." काहीजण हसले. आक्का हसली नाही.

"तुमच्या शब्दावर लावलं मी."

"व्हय."

"एवढंच?"

"दुसरं काय सांगू, आक्का?"

"मग खणा की."

ते तिच्या रानात उतरले. एका हातानं ओलं पोतं शेंड्यावर धरायचं, दुसऱ्या हातानं विळा चालवायचा, मग कुदळीनं बेट उपटायचं. आक्का बांधावर उभी राहून बघत होती. सात-आठ बेटं झाली. त्यांच्या हातून पोतं निसटलं. तेव्हा ती खाली उतरली आणि पोतं उचललं.

"काजळी उडतीया. हे माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. तुम्ही कापा."

दिवस मावळेपर्यंत दोघं बेटं काढत राहिली. दुसऱ्या दिवशी बाकीचेही कुदळी घेऊन आपापल्या रानात उतरले.

तो सगळा हंगाम ते दर आठवड्याला तिथं जात राहिले. काणीसाहेब हे नाव चिकटलं ते चिकटलंच. फक्त पुढं पुढं लोक ते नाव घेताना हसत नसत. घरातल्या थोरल्याला हाक मारावी तशी हाक मारत.

त्यांच्या त्या दोन ओळींचं उत्तर बदलीच्या हुकमानं आलं. लांबच्या दुष्काळी तालुक्यात त्यांना धाडलं. दोन वर्षांनी तिकडंच, छातीत दुखण्याचं निमित्त होऊन ते गेले. आम्हाला पोस्टकार्डावरून कळलं.

त्यानंतर पिकांच्या नोंदीसाठी मी त्या गावी गेलो. आक्काच्या रानात सऱ्या पाडलेल्या होत्या आणि चार बाया कांड्या दाबत होत्या. मला बघून आक्का बांधावर आली.

"साहेब कुठं असत्यात आता?"

मी सांगितलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"दोन सालं झाली," ती म्हणाली, "आमच्या शिवारात काणीचं एक बेट न्हाय. त्यास्नी कळवायचं म्हणत हुतो. पत्ता न्हवता."

मग तिनं खोरं उचललं आणि पुढच्या सरीला पाण्याचं दार फोडायला गेली.