गुणाबाईला दाखवलेली तीन घरं

लडकू जॉबर लूमला हात लावायच्या आधी कान लावायचा. कापड विणणारे छत्तीस लूम एका पत्र्याखाली खडखडत असले तरी दारात उभा राहून सांगायचा, "तिसऱ्या रांगेतला दुसरा बघ, त्याचं बेअरिंग बोलतंय." आणि निघायचंही तेच. लूम बिघडला की जॉबरला बोलवतात, पण भिवंडीतल्या कामतघर भागात लडकूला बिघडायच्या आधीच बोलवायचे, नुसता ऐकून जा म्हणायचे. माणूस गरीब स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त कानाचा विषय निघाला की मान जरा ताठ व्हायची. तेवढा ताठा माणसाला असावाच, नाहीतर जगायचं कशावर?

त्याची बायको गुणाबाई त्याच कारखान्यात कोपऱ्यातल्या मशीनवर कांड्या भरायची. धोट्यात बसवायच्या त्या सुताच्या कांड्या, दिवसाला शेकड्यांनी लागतात. अठ्ठावीस वर्षं तिने ते काम केलं. ती मूळची केळव्याकडची, समुद्राला लागून असलेल्या खोपटातली. लग्न होऊन भिवंडीत आली तेव्हा लूमच्या खडखडाटाने तिला आठ दिवस डोळा लागला नव्हता. पुढे कधीतरी लडकूने विचारलं, "तुला काय पायजे सांग." साडी म्हणेल, नाहीतर कानातलं म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हातारपनी समुद्राजवल घर घेऊ. गाज ऐकत निजेन." लडकू तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्या वयात नवरा काहीही कबूल करतो. "घेऊ," म्हणाला. बाकीचे नवरे पुढे विसरतात, हा विसरला नाही, एवढाच फरक.

मागच्या वर्षी मालकाने त्यांची चाळ विकली. तिथे गोडाऊन होणार होतं. खोली सोडायचे जे पैसे मिळाले त्यात लडकूने आयुष्यभराची पुंजी घातली आणि साठी उलटल्यावर ही दोघं पहिल्यांदा स्वतःचं घर बघायला निघाली.

घर घ्यायचं म्हटलं की सल्ले फुकट मिळतात. मुलगी रीमा ठाण्याला सासरी होती. ती म्हणाली, "बाबा, शहरात घ्या. डॉक्टर जवळ, मी जवळ. या वयात अजून काय पाहिजे?" धाकटा भाऊ तुळशीराम पडघ्याच्या पुढे गावात राहायचा. तो म्हणाला, "दादा, आपल्या गावाला ये. आपली मानसं हाय इथं, रात्री-बेरात्री धावत येतील." लडकू दोघांनाही हो म्हणाला. दोन्ही घरं बघून यायची, म्हणजे कुणाचं मन मोडायला नको, असा त्याचा बेत होता. तिसऱ्या घराचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. ते शेवटी दाखवायचं होतं, आणि घ्यायचं तेच होतं.

पहिलं घर घोडबंदरच्या बाजूला, चौदाव्या मजल्यावर. दाखवायला आलेली मुलगी पुढे चालत होती आणि पाठमोरीच बोलत होती. लडकूने भिंतीला कान लावला. आत पाण्याचा पंप घुमत होता, त्याचं बेअरिंग थोडं घासत होतं. तेवढ्यात त्या मुलीने ओट्याकडे तोंड करून विचारलं, "काकू, किचन लहान वाटतं का?" गुणाबाई हसली आणि म्हणाली, "हो, हो." ती मुलगी गडबडली. बरोबर आलेली रीमा बापाला हळूच म्हणाली, "आई बावरलीय." लडकूलाही ते पटलं. एवढ्या उंच लिफ्टने कधी गेली नव्हती बिचारी, बावरणारच. खाली आल्यावर त्याने तिच्या खांद्याला हात लावून विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "तुमी सांगाल ते." लडकूने रीमाला सांगून टाकलं की पंपाच्या घुमण्यात त्याला झोप लागणार नाही. ज्याने अर्धं आयुष्य छत्तीस लूमच्या शेजारी झोप काढली तो हे म्हणतो, म्हणून रीमा रागावली, आणि तिचं काही चुकलं नाही.

दुसरं घर तुळशीरामच्या परसाला लागून, दोन खोल्या आणि पुढे अंगण. हायवे लांब नव्हता, पण ट्रकांचा आवाज शेतांवरून येईपर्यंत मऊ व्हायचा. लडकूला जागा बरी वाटली. पण तिथे भलतंच झालं. गुणाबाई ओट्यावर बसून कोंबड्या बघत होती. तुळशीरामची बायको गोदूबाई मागून चहा घेऊन आली आणि "बाय, चहा घ्या" म्हणून तीनदा म्हणाली. गुणाबाईने मान वळवली नाही. गोदूबाईने कप ठेवला तो आपटूनच. "शेरातल्या मानसांना आमची हाक ऐकू येत न्हाय वाटतं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. लडकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एस.टी.त तो बायकोवर घसरला. एरवी कधी आवाज चढवत नसे, पण भावाच्या घरी लाज गेली होती. "आपली मानसं हाय ती. तीन येला हाक मारली तिनं. एवढा कसला माज आला तुला?" गुणाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने मान खाली घातली. "चुकलं माजं," म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी लडकू तिला म्हणाला, "पालघरला काम हाय, चल." वाडा-मनोरच्या रस्त्याने एस.टी. गेली. पालघरला उतरून त्याने केळव्याची रिक्षा धरली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिने पदर नीट केला, मग पुन्हा नीट केला.

घर तिच्या चुलतभावाचं, पंढरीचं होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे सुरूची झाडं इतकी दाट की पलीकडचं काही दिसत नव्हतं. लडकूने भरतीची वेळ पंढरीला फोनवर विचारून ठेवली होती आणि बरोबर त्या वेळेला तिला आणलं होतं. पंढरी कुलूप काढत होता तेव्हाच गाज अंगावर येत होती. लडकू पडवीत थांबला. सवयीने त्याने कान दिला. एक लाट फुटायची, ओढून जायची, तोवर मागची तयार. साठ वर्षांत त्याने असा आवाज ऐकला नव्हता. त्यात कुठे काही सैल नव्हतं, काही घासत नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की पंढरीशी धड बोलताही येईना.

त्याने गुणाबाईला आतून नेलं, मागचं दार स्वतःच्या हाताने उघडलं आणि तिला उंबऱ्यावर उभं केलं. ती सुरूकडे बघत राहिली. लडकू तिच्या तोंडाकडे बघत होता. अडतीस वर्षं तो या घडीची वाट बघत होता.

गुणाबाईने इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "समुद्र किती लांब हाय इथून?"

लडकूला आधी वाटलं, थट्टा करते. मग तो एक पाऊल मागे झाला. तिच्या पाठीमागे उभा राहून त्याने हाक मारली, "गुणा." ती सुरूकडेच बघत होती. त्याने पुन्हा मारली, मोठ्याने. बाहेर पंढरीने ऐकली आणि "काय झालं भावजी?" म्हणून विचारलं. गुणाबाईने मान वळवली नाही.

जॉबरला बिघाड एकदा सापडला की मागचं सगळं आपोआप कळतं, तसं त्याला कळत गेलं. तो ओटा, गोदूबाईचा चहा, एस.टी.त आपण बोललो ते. लाइट गेली की सगळ्या गल्लीतले लूम एकदम थांबतात, बायका दारात येऊन गप्पा मारतात, तेव्हा ही नेमकी काम काढून घरात जायची. आणि खांद्याला हात लावून, समोर तोंड आणून बोलायची त्या दोघांची रीत, ती तर कारखान्यातली. लूमच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथे सगळेच ओठ वाचतात, बोटांनी सांगतात. दोन बोटं ओठाला लावली की चहा, मनगटावर टिचकी मारली की शिफ्ट संपली. घरीही तीच सवय राहिली, असं तो समजत होता. दुसऱ्या गल्लीतलं बेअरिंग ऐकणारा माणूस, आणि घरातलं त्याला कळलं नव्हतं. त्याला स्वतःची अशी शरम वाटली की तोंड कुठे लपवावं ते सुचेना.

तेवढ्यात गुणाबाई वळली. त्याचं तोंड तिने पाहिलं आणि आपण काय विचारून बसलो ते तिला उमगलं.

"येतंय की ऐकू," ती घाईने म्हणाली. "केवढी मोठी गाज हाय. लहानपनी होती तशीच."

लडकू उंबऱ्यावरच खाली बसला. तीही बसली. त्याने तिच्यासमोर तोंड केलं आणि विचारलं, "कवापासून?"

ती म्हणाली, "रीमाच्या लग्नात सनईवाल्याचे गाल फुगलेले दिसले. तवा कललं, सगलं गेलं."

त्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

"मला सांगायचं न्हाय?"

"सांगून काय झालं असतं? कांड्या भरायला कान कुठं लागतात?" मग म्हणाली, "आनि भिवंडीत मला काय अडत न्हाय. आपल्या गल्लीत सगलीच हातानं बोलतात. तिथं मी बहिरी न्हाय. इथं आले की बहिरी होईन."

पंढरी दारात येऊन उभा होता. घर पसंत आहे ना, असं त्याने विचारलं. लडकूने हात जोडले आणि पुन्हा कळवतो म्हणाला.

रीमाने आईला ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, कानाचं यंत्र लावून बघितलं. त्यात तिला नुसती घरघर कळायची, शब्द नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कारखाना सोडला असता तर थोडं वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले, पण लडकूला त्यानंतर जेवण गोड लागलं नाही. त्याच कामातून घराची पुंजी जमली होती.

शेवटी त्यांनी भिवंडीतच, निजामपुऱ्यात खोली घेतली. वरचा मजला, खाली चोवीस लूम. लोकांनी लडकूला वेड्यात काढलं. तुळशीराम म्हणाला, "दादा, माती सोडली, समुद्र सोडला, आनि पैसे देऊन खडखडाट घेतला." रीमाला सगळं ठाऊक, तरी आईला पुन्हा लूमवर नेलं म्हणून ती चार महिने आली नाही. लडकूने बाकी कुणाला कारण सांगितलं नाही, बायकोचं व्यंग चारचौघांत मांडायचं त्याच्या जिवावर आलं. लूम चालू असले की खोलीची फरशी थरथरते. गुणाबाई त्या थरथरीवर निवांत झोपते. समोरच्या गॅलरीतल्या बायका तिच्याशी हातवारे करून गप्पा मारतात, भाजीचा भाव, सुनेची तक्रार, सगळं. त्यातल्या एकीलाही अजून ठाऊक नाही.

पण खालचे चोवीस लूम आता सोळा राहिलेत. बाकीच्यांच्या जागी मालकाने माल ठेवलाय. लडकू रोज मोजतो. लूम थांबतील तेव्हा गल्ली तोंडाने बोलायला लागेल आणि हिचं काय होईल, या विचाराने त्याचा जीव वरखाली होतो.

परवा शुक्रवारच्या सुट्टीला लूम बंद होते. दिवेलागणीच्या आधी दोघं दारात समोरासमोर बसली होती, ती भेंडी चिरत होती. लडकूने तिच्या गुडघ्याला हात लावला. तिने वर पाहिल्यावर विचारलं, "समुद्राचं वाईट वाटतं का?"

"छ्या," ती म्हणाली. "गाज हाय माज्या डोक्यात. लहानपनी इतकी ऐकलीय, ती कुठं जाते?"

"मग कशाचं वाटतं?"

तिने विळी बाजूला सारली. सांगावं की नाही, असं तिला झालं असावं.

"तुमचा आवाज मला आठवत न्हाय," ती म्हणाली. "किती येला आठवून बघते. लग्न झाल्यापासून लूममधीच बोललो आपन. नीट असा कधी ऐकलाच न्हाय."

खालच्या बंद कारखान्यातून काही आवाज येत नव्हता. लडकूने तिचं नाव घेतलं. मग आणखी एकदा घेतलं, आणखी एकदा घेतलं. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.