झोपेसाठी प्रभातफेरी

अन्याय झाला तो पहिली 'ब'मधल्या आर्यावर. सोमवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. वाचनचाचणी चालू असताना तिचं डोकं बाकावर टेकलं आणि वर्गशिक्षिकेने शेरा मारला : 'मंदगती. वेगळ्या वर्गात बसवावे.'

कल्याणच्या त्या शाळेत मी काउन्सेलर आहे. माझ्या सहीशिवाय असा कागद पुढे जात नाही. मी सही केली नाही. आर्याच्या आईकडून झोपेची नोंद भरून घेतली. म्हणजे फार काही नाही. मूल कधी झोपलं, कधी उठलं, हे आठ दिवस लिहायचं.

"हिचे पप्पा कळव्याहून साडेदहाला येतात," आई म्हणाली. "त्यांना बघितल्याशिवाय ही आडवीच होत नाय. आणि आम्ही टिटवाळ्याला. व्हॅन पावणेसहाला दारात, मॅडम."

झोप जेमतेम सहा तास. या वयात निदान नऊ लागते. कमी पडली की मोठी माणसं पेंगतात. लहान मुलं चिडतात, मारामाऱ्या करतात, काल शिकलेलं आज विसरतात. शाळा त्याला स्वभाव म्हणते.

नोंद घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले. "मॅडम, चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवा असं सरकारने सांगितलंय."

"नऊलाच भरतो की वर्ग. सातला उपक्रम असतो."

"उपक्रमात चाचणी घेतलीत!"

त्या एकदम खुलल्या. "अगं, विषय फार छान आहे. झोपेबद्दल जनजागृती करू. शुक्रवारी प्रभातफेरी!"

"किती वाजता?"

"सहाला. रिपोर्टिंग साडेपाच."

मला थट्टा वाटली. नव्हती. शुक्रवारी आर्या चारला उठली. मुलं डोळे चोळत घोषणा देत निघाली : 'पुरेशी झोप, आमचा हक्क!' एका गॅलरीतून आजोबा ओरडले, "अरे, झोपू द्या रे!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बघ, लोकांना पटतंय."

आर्या एका दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या झोपली. हातात फलक : 'मी रोज दहा तास झोपते.' पीटीच्या सरांनी कौतुकाने तो फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. आधी हसण्याच्या इमोजी आल्या. मग एका आईने विचारलं, "फेरीसाठी तुमची मुलं कितीला उठली?" उत्तरं धडाधड यायला लागली. मॅडमनी ग्रुप बंद केला.

मी आर्याला मेडिकल रूममध्ये झोपवलं. अकराला उठल्यावर तीच चाचणी, तोच उतारा दिला. तिने घडाघडा वाचला, एका जोडाक्षरावर अडली, आणि विचारलं, "मिस, ही नवीन गोष्ट आहे?"

शेरा खोडला गेला. सातचा उपक्रम आता ऐच्छिक आहे. मार्क मात्र धरतात. मी शिकले एवढंच, की मुलाची परीक्षा घेण्याआधी ते जागं आहे का, हे बघावं.

तुमचं मूल सातला बाकावर बसत असेल, तर उद्याच शाळेत लेखी अर्ज द्या : नऊच्या आत चाचणी नको, शेरा नको. आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत ऑफिसमधून हलू नका.