वर्गात नेलेला वरवंटा

छिन्नीने टाकी लावताना पाट्याच्या दगडातून जळका वास सुटतो, तो आजही मला अमरावतीच्या शाळेत नेतो.

गुरुजी डोंगरांचे प्रकार सांगत होते: वळ्या पडलेले, खचून उरलेले, ज्वालामुखीचे. आपला काळा दगडही थिजलेला लाव्हारसच, म्हणाले. मला दीडशहाणीला पटेना. उलट बोललीस तर शाळा बंद, अशी बाबांची तंबी होती. तरी दुसऱ्या दिवशी घरचा वरवंटा कडेवर घेऊन मी वर्गात हजर!

"हात लावा गुरुजी. थंडा हाये!"

"तुह्या आजीचा राग थंडा होते ना? तसाच."

"मंग ज्वालामुखीचं शिखर कुठं हाये?"

"शिखर नाई. उन्हाळ्यात वावर भेगाळते, तशा भेगांतून निंगाला."

संध्याकाळी गुरुजी वरवंटा घेऊन घरी आले. मी दारामागे मुठी आवळून उभी. सारं ऐकून बाबा म्हणाले, "जाऊ द्या शाळेत. घरी ठेवली तं हे प्रश्न मलेच!"